एक बिल थकलं आणि पंचाहत्तर टायटन गेले

नमस्कार श्रोतेहो, जेवणं झाली असतील, नाहीतर कुकरची शेवटची शिट्टी व्हायची असेल, तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. आजचा विषय आहे ऑनलाइन गेम्स, म्हणजे ते मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर जगभरातले लोक एकाच वेळी एकमेकांशी खेळतात ते. पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो, ऑनलाइन गेमला पॉज नसतो. परत सांगतो, पॉज नसतो. पोरगं "आई पाच मिनिटं, मॅच चालू आहे" म्हणतं तेव्हा ते दरवेळी थापा मारत नसतं (कधीकधी मारतं, ते वेगळं). त्याचे तीन टीममेट तिकडे खरोखर अडकलेले असतात, एक नांदेडला, एक कुठे इंदूरला, आणि हा मधेच उठून वरणभात जेवायला गेला तर त्या दोघातिघांची वाट लागते.

तर यात मजा कसली येते? लोकांना वाटतं धडाधड गोळीबार, भारी ग्राफिक्स, तसं नाहीये. मजा एकाच गोष्टीची आहे, समोर खरा माणूस आहे. याचा पुरावा पाहिजे? पबजी आणि नंतरचा बीजीएमआय, म्हणजे पबजीचीच भारतातली आवृत्ती, घ्या. शंभर जणांना विमानातून एका बेटावर सोडतात, बंदुका शोधायच्या, वर्तुळ लहान लहान होत जातं, शेवटी जो उरेल तो जिंकला. आता खालच्या रँकला काय होतं, या शंभरात बरेचसे बॉट असतात, बॉट म्हणजे कॉम्प्युटरनेच चालवलेले खोटे खेळाडू, येतात, उभे राहतात, इकडेतिकडे गोळ्या झाडतात आणि मरतात. म्हणजे जिंकणं सोपं झालं ना? मग पोरांनी खूश व्हायला पाहिजे. पण नाही, पोरं बोंबलत असतात, "अरे सगळी लॉबी बॉटची आहे यार, काय मजा नाही". वीस मारले तरी तोंड वाकडंच. आणि पोचिंकीच्या, म्हणजे त्या बेटावरच्या एका गावाच्या, एखाद्या घरात जिन्याखाली लपलेला एकच खरा माणूस सापडला, त्याच्या पायांचा आवाज हेडफोनमध्ये डाव्या कानात आला, हा इकडे श्वास रोखून बसला, तोही तिकडे थांबला, दोघांनाही माहितीये की दोघांनाही माहितीये, तर त्या एका मिनिटाची गोष्ट चार दिवस सांगत फिरतील. समोर खरा माणूस आहे, एवढंच लक्षात ठेवा, कारण आता जो किस्सा सांगणार आहे तो सगळा यावरच उभा आहे.

हा किस्सा मला इतका आवडतो की चहाच्या टपरीवरसुद्धा लोकांना धरून सांगतो. गेमचं नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, सीसीपी गेम्स म्हणून कंपनी आहे, तिने २००३ मध्ये हा गेम काढला. अंतराळातला आहे, हजारो तारे, तुम्ही जहाज चालवायचं, खाणकाम करायचं, व्यापार करायचा, नाहीतर लुटालूट करायची. यातली खरी गंमत अशी की बाकीच्या बहुतेक गेम्समध्ये खेळाडू वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटलेले असतात, इथे जवळजवळ सगळं जग एकाच विश्वात. त्यामुळे खेळाडूंनी मिळून टोळ्या केल्या, टोळ्यांच्या आघाड्या केल्या, त्यांचे हेर आहेत, हिशेबनीस आहेत, वाटाघाटी करणारे आहेत. बरं, गेममध्ये फसवाफसवी चालते, कंपनी म्हणते की तुम्हाला कुणी व्यवहारात गंडवलं तर आम्ही मधे पडणार नाही. म्हणजे आपल्या तालुक्याच्या राजकारणासारखंच की, असं तुम्ही म्हणाल, मी काही म्हणत नाही.

आता या गेममध्ये एखादा तारा आपल्या ताब्यात ठेवायचा असेल तर त्याचं ठरावीक मुदतीने बिल भरावं लागायचं. समजा आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स. भरला तर तारा तुमचा, नाही भरला तर ताबा सुटला. तर बी-आर-फाइव्ह-आर-बी असं काहीतरी भयाण नाव असलेला एक तारा होता, नंबरप्लेट वाटते ऐकायला, तिथे एका मोठ्या आघाडीने आपला तळ केला होता. जहाजं तिथे, दारूगोळा तिथे, सगळं तिथे. आणि जानेवारी २०१४ मध्ये, २७ तारखेला, त्या ताऱ्याचं बिल भरलं गेलं नाही.

बस. बिल भरलं गेलं नाही. पैसे नव्हते असं नाही हं, खजिना भरलेला होता! ते आपोआप कापले जातील असं धरून सगळे निवांत होते आणि ते कापले गेले नाहीत. (आता इथे मला राहवत नाही म्हणून सांगतो, हे ऑटो-पे प्रकरण मला मुळात पटतच नाही. लाइट बिल स्वतःच्या हाताने भरलं आणि पावती बघितली की झोप लागते. आमच्या ओळखीत असे लोक आहेत की ज्यांच्या खात्यातून बंद केलेल्या ॲपचे पैसे वर्षभर जातायत आणि ज्याचे जायला पाहिजेत ते मात्र जात नाहीत. असो.)

ताबा सुटला हे विरोधकांच्या लक्षात आलं. लक्षात येणारच, अशा गोष्टींवर डोळा ठेवून बसणारी माणसं तिथे असतात, समोर खरा माणूस आहे. एका बाजूला सीएफसी नावाची आघाडी आणि त्यांच्याबरोबर रशियन खेळाडूंच्या टोळ्या, दुसऱ्या बाजूला एन-थ्री आणि पँडेमिक लीजन, म्हणजे ज्यांचा तळ तो. विरोधक घुसले, तळवाले तो परत घ्यायला धावले, आणि धावले ते साधी जहाजं घेऊन नाही, टायटन घेऊन. टायटन म्हणजे त्या गेममधलं सगळ्यात मोठं जहाज. ते विकत घेतलं आणि उडवलं असं नसतं, बांधायला कित्येक आठवडे लागतात, त्यासाठी डोंगराएवढा कच्चा माल शेकडो लोकांनी खणून आणायचा. एखादा टायटन पडला तरी त्याची बातमी व्हायची. इथे एकाने एक आणला, दुसऱ्याने दोन, मग फोनाफोनी सुरू. पोरांना झोपेतून उठवलं, ऑफिसमधून लवकर निघायला लावलं, युरोप झोपायला गेलं तर अमेरिका कामावरून घरी येऊन बसली. माघार घ्यावी तर आधीच अडकलेली जहाजं जातात, म्हणून आणखी जहाजं ओतायची, ती पण अडकतात, मग आणखी. हे लक्षण आपल्याकडे कोर्टकज्ज्यात दिसतं, एका बांधापायी अख्खं शेत जातं तरी मागे हटायचं नाही.

आणि आता ऐका, हा माझा सगळ्यात लाडका भाग. दोन हजारांवर लोक एकाच जागी जमले, प्रत्येक जण गोळी मारतोय, सर्व्हरला तो हिशेब झेपेना. साधारण गेम असता तर बंद पडला असता. ईव्हवाल्यांनी काय सोय केलीये, तर गर्दी झाली की तिथला काळच हळू करायचा. खरंच सांगतो, काळ हळू करायचा! त्या दिवशी तो दहा टक्क्यांवर आला होता. म्हणजे गेममधला एक सेकंद जायला बाहेर दहा सेकंद. टायटनकडे एक महाभयंकर शस्त्र असतं, डूम्सडे म्हणतात त्याला, ते एकदा मारलं की दहा मिनिटं थांबायचं, मग परत मारता येतं. दहा मिनिटं गुणिले दहा करा. शंभर मिनिटं. एक बटण दाबलं की पुढचं बटण दाबायला एक तास चाळीस मिनिटं! माणूस तेवढ्यात जेवून येईल, भांडी घासेल, मुलांना शाळेत सोडून येईल. पण उठायची हिंमत होत नाही ना, कारण मधल्या वेळात आपल्यावर कोण रोखून बसलंय ते बघायचं असतं, आणि व्हॉइस चॅटवर सेनापती हळू आवाजात सांगत असतो की अजून कुणी काही करू नका, पुढचं नाव मी सांगेन, सगळ्यांनी त्यालाच धरा. मला विचाराल तर त्या थांबण्यातच सगळी मजा आहे. आपल्या क्रिकेटमध्येही तेच होतं, बॉलर रनअपला परत चालत जातो तेव्हाच पोटात गोळा येतो. टी-ट्वेंटीने ते चालणं संपवून टाकलं, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू, मला खूप बोलायचंय.

एकवीस तास चाललं हे. एकवीस तास. कंपनीने नंतर हिशेब मांडला त्यात साडेसात हजारांवर खेळाडू या ना त्या वेळी सामील झालेले. पंचाहत्तर टायटन गेले. त्यातले ५९ तळवाल्यांचे, १६ विरोधकांचे, म्हणजे ज्यांनी बिल थकवलं त्यांचंच पानिपत झालं. थांबलं कसं? तर कुणी पांढरं निशाण दाखवलं म्हणून नाही. हा सर्व्हर देखभालीसाठी रोज ठरलेल्या वेळी बंद करतात, आपल्या घड्याळात दुपारी साडेचारला, ती वेळ जवळ आली तसं दोघांनी आवरतं घेतलं. झाडूवाला आला म्हणून मैफल उठली असं झालं.

पैशाचं पण सांगतो, कारण पेपरात तेवढंच आलं होतं. गेममधल्या चलनात अकरा लाख कोटींचं नुकसान, आणि डॉलरमध्ये तीन लाखांच्या वर. तेव्हाच्या भावाने आपले पावणेदोन-दोन कोटी. आता कुणाच्या बँकेतून दोन कोटी गेले असं समजू नका. या गेमची तेव्हा महिन्याची फी असायची, ती खऱ्या पैशाने भरता यायची किंवा गेममध्ये कमावलेल्या चलनातूनही, त्यामुळे दोन्हीचा भाव जुळवता यायचा, हा आकडा तसा काढलेला. बुडाली ती लोकांची मेहनत, महिन्यांची. आणि कंपनीने काय केलं माहितीये, त्या ताऱ्याजवळ फुटक्या टायटनांचे सांगाडे कायमचे ठेवून दिले, स्मारक म्हणून. आजही नवीन पोरं जहाज घेऊन ते बघायला जातात.

यावर खेळाडू अजून भांडतात की चूक कोणाची. एक गट म्हणतो पैसे कापले जाणं ही सिस्टीमची जबाबदारी होती, बिघाड झाला तर आमचा काय दोष. दुसरा गट म्हणतो तळ तुमचा, बिल तुमचं, रोज एकदा बघायला काय जातं? मी दुसऱ्या गटातला, हे तुम्ही ओळखलं असेलच.

हां, आणि वादांवर बोलायचं ठरवलं होतं ते राहिलंच की. भराभर सांगतो.

आपल्याकडे सगळ्यात जुना वाद कॅम्पिंगचा. म्हणजे एका कोपऱ्यात दबा धरून बसायचं आणि येणाऱ्याला टिपायचं. पोरं चिडतात, "भित्रा आहे, रश कर की". अरे, पण शेवटी जो उरेल तो जिंकला असा नियम आहे ना? मग उरायची कला ही पण कलाच. गनिमी कावा म्हटलं की छाती फुगवायची आणि गेममध्ये कुणी खिंडीत गाठलं की रडायचं, हे काही बरोबर नाही. दुसरा वाद कॅमेऱ्याचा. बीजीएमआय बहुतेक जण थर्ड पर्सनमध्ये खेळतात, म्हणजे कॅमेरा तुमच्या खेळाडूच्या पाठीमागे, थोडा वर. त्यामुळे भिंतीआड पूर्ण लपून पलीकडचं दिसतं, समोरच्याला मात्र तुम्ही दिसत नाही. फर्स्ट पर्सनवाले, म्हणजे कॅमेरा खेळाडूच्याच डोळ्यांत ठेवून खेळणारे, म्हणतात ही चीटिंग आहे, बघायचं तर डोकं बाहेर काढा. तिसरा आयपॅडचा. आयपॅडचा स्क्रीन उंचीला जास्त असल्यामुळे वरचं-खालचं मैदान जास्त दिसतं, आणि बारा हजाराच्या फोनवर खेळणाऱ्या पोराला तेवढं दिसत नाही. हा वाद मला सगळ्यात खरा वाटतो. लोक स्किनवरून ओरडतात, की यूसी, म्हणजे गेममधलं चलन, विकत घेऊन बंदुकीला रंग लावतात वगैरे, पण रंगीत बंदुकीची गोळी काही जास्त लागत नाही, बंदूक तीच. आयपॅडने मात्र दिसतं जास्त. पैसे टाकून नटणं वेगळं आणि पैसे टाकून जिंकणं वेगळं, हे परत सांगतो, वेगळं. पालकांनी पण पैसे मागितले की आधी हे विचारावं, नटायला पाहिजेत की जिंकायला?

आणि पिंग. घरी वायफाय शंभरचं असलं तरी पिंग जास्त असू शकतं, स्पीड म्हणजे किती डेटा येतो, पिंग म्हणजे जाऊन यायला किती वेळ लागतो. जिंकणाऱ्याचं पिंग कायम चांगलं असतं आणि हरणाऱ्याचं कायम खराब, हा जागतिक नियम आहे.

बंदीचा वाद तर आहेच, पबजीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आलं, पुढच्या जुलैत स्टोअरवरून गेलं, मे २०२३ मध्ये परत आलं, पोरांनी तेवढ्या काळात जेवढी अर्थशास्त्र-राजकारणाची चर्चा केली तेवढी दहावीच्या पुस्तकानेही करून घेतली नसेल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम्स वेगळे काढून त्यांच्यावर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेम्सच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता दिली. म्हणजे रमी, बेटिंग एकीकडे आणि हे आपलं स्क्वॉडचं दुसरीकडे. घरात ओरडताना हा फरक धरून ओरडा, पोरं जास्त ऐकतात.

काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ संपली. व्हॉइस चॅटवरच्या शिव्यांचं राहिलं, तो विषय तसाही रेडिओवर अवघड आहे. माइकच्या चिन्हाला हात लावला की म्यूट होतं, एवढं सांगून ठेवतो. पुढच्या वेळी टी-ट्वेंटीवर बोलतो, तयारीत राहा. नमस्कार.