निरोगी पानातली बुरशी

हे पान नीट पाहा. डाग नाही, भोक नाही, कडही कुठे पिवळी पडलेली नाही. तरी या पानाच्या आत, पेशींच्या मधल्या फटींत, बुरशी राहते आहे. अशा बुरशीला अंतर्वासी बुरशी किंवा एंडोफाइट म्हणतात.

तिला बाहेर काढायचं, तर पान आधी अल्कोहोल आणि ब्लीचमध्ये धुतात. वरचे जंतू मरतात. मग पानाचे बारीक तुकडे डिशमधल्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर, ठेवायचे आणि वाट पाहायची. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून बुरशीचे तंतू डोकावतात.

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात एल एदेन नावाचं राखीव जंगल आहे. तिथल्या बुर्सेरा सिमारुबा या झाडाच्या पानांतून 'मस्कोडोर युकातानेन्सिस' ही बुरशी मिळाली. ती हवेत उडून जाणारी संयुगं सोडते. प्रयोगात राजगिरा आणि टोमॅटोच्या मुळांची वाढ या वायूंनी रोखली. बुरशीचा स्पर्शही व्हायला नको, नुसत्या वासाने मूळ खुंटतं! मला या सगळ्या शोधात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

त्याच जंगलातल्या दुसऱ्या एका झुडपाच्या पानांत आणखी एक बुरशी सापडली. ती विज्ञानाला इतकी नवी होती, की तिच्यासाठी नवी जातीच (स्पीशीज) नव्हे, नवी प्रजातीही (जीनस) मांडावी लागली: 'एडेनिया गोमेझपोंपे'. पहिलं नाव जंगलाचं, दुसरं मेक्सिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आर्तुरो गोमेझ-पोंपा यांच्या सन्मानार्थ. तिच्यातून वेगळं केलेलं नॅफ्थोक्विनोन गटातलं संयुगही रोपांची वाढ रोखतं. या संयुगावरचं संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालं.

ही धडपड कशासाठी? शेतात तीच ती तणनाशकं वर्षानुवर्षं मारली, की त्यांना दाद न देणारी तणं उरतात आणि पसरतात. अशा तणांना रोखायला, रोपाच्या पेशीत वेगळ्याच जागी घाव घालणारी रसायनं हवी आहेत. बुरशीच्या संयुगांकडे लक्ष जातं ते त्यासाठी. मात्र मुळं खुंटवणारं प्रत्येक संयुग शेतात चालेलच असं नाही. पीक वाचतं का, मातीतल्या जिवांना अपाय होतो का, हे तपासावंच लागतं.

आणि एक अडचण आहे. डिशमध्ये बुरशीला आयतं खाद्य मिळतं, झाडाच्या पेशी शेजारी नसतात. तिथे ती जे बनवते, ते पानातही बनवतेच असं धरून चालत नाही. त्यासाठी जिवंत पानातच ते संयुग शोधावं लागतं, बुरशी असलेल्या आणि नसलेल्या पानांची तुलना करत.