‘विधेयक केव्हा आणणार?’

(मालवणातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. वराड आपल्याच तालुक्यातलं गाव. २०१९ च्या डिसेंबरअखेर लिओ वराडकर आपल्या कुटुंबासह तिथे आले, तेव्हा ते आयर्लंडचे पंतप्रधान होते. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, आई तिकडची परिचारिका आणि मुलगाही डॉक्टर. आपल्या गावाचं आडनाव लावणारा माणूस परदेशात एवढ्या पदावर पोहोचला याचा आपल्याला अभिमान वाटला. वाटायलाच हवा. पण त्या सत्काराच्या बातम्या वाचताना माझ्या मनात एकच गोष्ट येत होती. हा माणूस डब्लिनच्या सभागृहात दर आठवड्याला उभा राहून काय करतो, ते कुणीतरी इथे येऊन सांगायला हवं. आज तेवढ्यासाठीच आलोय.

मी काही वर्षं नोकरीनिमित्त डब्लिनला होतो. किल्डेअर रस्त्यावर लेन्स्टर हाउस नावाची जुनी वास्तू आहे, तिथे त्यांची संसद भरते. कनिष्ठ सभागृहाला ते ‘डॉल’ म्हणतात आणि पंतप्रधानाला ‘टीशॉक’. वर प्रेक्षकांची गॅलरी आहे. एका मंगळवारी तिथे जाऊन बसलो आणि मग जमेल तेव्हा जात राहिलो.

आधी विरोधी पक्षांच्या नेत्यांचे प्रश्न होतात. तीन मिनिटं प्रश्न, तीन मिनिटं उत्तर, मग मिनिटभराचा पुरवणी प्रश्न. दूरदर्शनवर दिसतं ते हेच. ते संपलं की पत्रकार उठून जातात, आणि माझ्या मते खरं पाहण्यासारखं तिथून सुरू होतं. मी होतो तेव्हा अध्यक्ष पुढचा विषय पुकारायचे तो आश्वासित कायद्यांवरच्या प्रश्नांचा. सरकारने जो कायदा करू असं म्हटलं आहे, मग ते सभागृहात म्हटलेलं असो की बाहेर, त्याबद्दल कुणीही सदस्य मिनिटभर उभं राहून विचारू शकतो की तो कायदा कुठवर आला. सरकारचा मुख्य प्रतोद दर अधिवेशनाच्या सुरुवातीला आगामी विधेयकांची यादी प्रसिद्ध करतो. कुठलं विधेयक लगेच येणार, कुठल्याचा मसुदा चालू आहे, कुठलं अजून नुसत्या कल्पनेत आहे, हे सगळं त्यात असतं. ती यादी सदस्यांच्या हातात असते. आणि उत्तर द्यायला समोर पंतप्रधान. मंगळवारी, बुधवारी तेच.

आपल्याकडे लोकसभेत तारांकित प्रश्नाला निदान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. उत्तर खात्यात तयार होतं, छापलं जातं, पटलावर ठेवलं जातं. त्या पद्धतीत आकडे नीट मिळतात, तिला मी कमी लेखत नाही. पण तिकडे सकाळी ठरवून दुपारी विचारता येतं, आणि सरकारच्या प्रमुखाला प्रत्येक खात्याचं कुठलं विधेयक कुठे अडकलंय हे ठाऊक असावं लागतं. ठाऊक नसेल तर तसं सांगावं लागतं, आणि तेही इतिवृत्तात उतरतं.

तेव्हा इथे एक गंमत व्हायची, म्हणजे मला ती फार माणुसकीची वाटली. एखाद्याच्या मतदारसंघातलं रुग्णालय ढेपाळलेलं असतं. त्यावर बोलायला वेळ मिळत नाही. मग तो आरोग्याचं एखादं प्रलंबित विधेयक शोधून काढतो, त्याचं नाव घेऊन उभा राहतो आणि त्या आडून खाटा किती कमी आहेत हे सांगून टाकतो. अध्यक्ष टोकतात, ‘सदस्यांनी कायद्यापुरतं बोलावं.’ तोवर बोलून झालेलं असतं. गावाकडचं गाऱ्हाणं राजधानीत पोहोचवायला माणूस अशी वाट काढतो.

पंतप्रधानांची उत्तरं मात्र ठरावीक साच्याची. ‘आराखडा मंत्रिमंडळाने मंजूर केला आहे.’ ‘समितीकडे पूर्वछाननीसाठी आहे.’ ‘मसुदा चालू आहे.’ ‘प्रकाशनाची तारीख अद्याप ठरलेली नाही.’ पहिल्यांदा ऐकताना कंटाळा येतो. चार-सहा महिने ऐकलं की कळतं, या प्रत्येक वाक्याचा अर्थ वेगळा आहे. ‘आराखडा मंजूर’ म्हणजे कायद्याच्या कलमांची ढोबळ रूपरेषा झाली, पण कायद्याच्या भाषेत लिहिणारे तज्ज्ञ अजून बसलेले नाहीत. ‘समितीकडे आहे’ म्हणजे सर्वपक्षीय सदस्य साक्षी काढत आहेत. मागच्या अधिवेशनातलं आणि या अधिवेशनातलं उत्तर शब्दशः तेच असेल, तर विधेयक जागचं हललेलं नाही. नेमकं हे पकडण्यासाठीच जुने सदस्य तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतात.

जुगाराच्या कायद्याचं उदाहरण घ्या. आयर्लंडमध्ये जुगाराचे कायदे जुनाट होते, मोबाइलवर सट्टा सुरू झाला तरी तेच. नव्या कायद्याचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्राध्यक्षांची सही झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. अकरा वर्षं! या काळात एन्डा केनी, लिओ वराडकर, मिहॉल मार्टिन, पुन्हा वराडकर, मग सायमन हॅरिस असे पंतप्रधान झाले. मधल्या वर्षांत कर्जबाजारी झालेल्या घरांचं काय, असा विचार मनात आला की गॅलरीत बसून मला राग यायचा. आजही येतो.

पण मला आज मुख्यतः दुसऱ्याच एका कायद्याबद्दल बोलायचं आहे. ती गोष्ट आपल्या शेजारच्या बेळगावपर्यंत येते.

१९८३ मध्ये आयर्लंडने घटनेत आठवी दुरुस्ती केली. आई आणि गर्भ यांचा जगण्याचा हक्क समान, असं तीत म्हटलं होतं. १९९२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आईच्या जिवाला खरोखर धोका असेल तर गर्भपात कायदेशीर ठरतो. आता हे डॉक्टरांनी व्यवहारात कसं ठरवायचं, याचा कायदा संसदेने करायला हवा होता. केला नाही. विषय मतांचा, चर्चचा, म्हणून एकामागून एक सरकारांनी तो पुढे ढकलला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सविता हलप्पनवार ही दंतवैद्य आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात मरण पावली. वय ३१. माहेर बेळगाव. गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं होतं, तिने गर्भपाताची विनंती केली होती, पण गर्भाचे ठोके चालू होते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती वाचली नाही. त्यानंतर वर्षभरात, २०१३ मध्ये, तो कायदा झाला. १९९२ ते २०१३. एकवीस वर्षं ‘केव्हा?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि मग काही महिन्यांत सापडलं.

आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी हे ऐकून गप्प बसावं असं नाही. जादूटोणाविरोधी कायदा किती वर्षं रखडला होता! २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि चारच दिवसांत वटहुकूम निघाला. त्याच वर्षी. कायदा करता येत होता, हे त्या चार दिवसांनी दाखवून दिलं. मला त्याचं आजही दुःख आहे.

आयर्लंडचा २०१३ चा कायदा तोकडाच होता, कारण मूळ दुरुस्ती तशीच होती. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं. ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकायचा कौल दिला. पंतप्रधान होते वराडकर. या वेळी मात्र सरकारने तारीख सांगितली. १ जानेवारी २०१९ पासून सेवा सुरू. ‘लवकरच’ नव्हे, ‘यथावकाश’ नव्हे. तारीख सांगितल्यावर प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात मोजपट्टी येते. सार्वमताच्या निकालाला न्यायालयात आव्हान मिळालं, उन्हाळा त्यात गेला, घटनादुरुस्तीवर सही व्हायला १८ सप्टेंबर उजाडला. तरी २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी कायद्यावर सही केली, आणि ठरल्या दिवशी सेवा सुरू झाली. त्याच देशात, त्याच संसदेत जुगाराच्या कायद्याला अकरा वर्षं लागली, हे शेजारी ठेवून पाहा.

सभागृहात दिलेला शब्द नुसता हवेत विरू नये, याची सोय आपल्याकडेही आहे, आणि ती उत्तम आहे. लोकसभेत १९५३ पासून सरकारी आश्वासन समिती आहे. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते दादासाहेब मावळंकर, ज्यांचं घराणं मूळ रत्नागिरीकडचं. मंत्री म्हणाला ‘बाब विचाराधीन आहे’ किंवा ‘मी यात लक्ष घालतो’, तर ती वाक्यं आश्वासन धरली जातात. कुठली वाक्यं धरायची याची यादीच आहे. तीन महिन्यांत पूर्तता करायची, नाहीतर समिती विचारते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. या समित्यांच्या अहवालांवर बातमी क्वचितच होते, आणि ते मला खटकतं.

शेवटी एक सांगतो. आरोग्यमंत्री असताना वराडकरांनी दारूच्या किमती, जाहिराती आणि बाटलीवरचा इशारा यांबद्दलचं विधेयक आणलं, डिसेंबर २०१५ मध्ये. मद्यउद्योगाचा जोरदार विरोध झाला. तीन वर्षं होत आली तेव्हा, ऑक्टोबर २०१८ मध्ये, त्याचा कायदा झाला. तोवर उत्तरं द्यायला ते स्वतः पंतप्रधान म्हणून उभे होते. दारूची किमान किंमत लागू झाली जानेवारी २०२२ मध्ये. बाटलीवरचा इशारा मे २०२६ पासून बंधनकारक व्हायचा होता. तो २०२८ वर गेला आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांना माइक द्या.