चांडलरच्या मागची माणसं

नमस्कार श्रोतेहो. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना चांडलर, सेल्वा, कामारोजा ही स्ट्रॉबेरीच्या वाणांची नावं सांगायला नकोत. कुठल्या वाणाचं फळ टणक, कुठलं मुंबईच्या बाजारापर्यंत टिकतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण ज्यांच्या हातून हे वाण घडले, त्या माणसांची ओळख आपल्याकडे फारशी कुणी करून दिलेली नाही. आज ती करून देतो.

रॉइस ब्रिंगहर्स्ट हे कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिस इथे प्राध्यापक होते. 1953 साली ते तिथे रुजू झाले आणि पुढची कित्येक वर्षं स्ट्रॉबेरीतच राहिले. हे पीक पैदासकाराची परीक्षा पाहणारं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, लागवडीच्या स्ट्रॉबेरीत आठ, म्हणजे एकूण 56 गुणसूत्रं. दोन चांगली रोपं संकरित केली तरी पोटी काय येईल याचा भरवसा नाही. हजारो रोपं लावायची, बघायची आणि बहुतेक सगळी उपटून टाकायची, असं ते काम.

त्यांचं सर्वात मोठं काम एका रानटी रोपापासून सुरू झालं. आपली नेहमीची स्ट्रॉबेरी दिवस लहान आणि हवा थंड असताना कळ्या धरते. मार्चनंतर दिवस मोठा झाला, ऊन तापलं की फूल कमी होतं आणि रनर, म्हणजे जमिनीवर पसरणारे धुमारे, सुटायला लागतात. हे तुम्ही दर वर्षी बघता. युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ वासाच नावाचे डोंगर आहेत. तिथल्या रानटी स्ट्रॉबेरीला मोठ्या दिवसांतही फूल येतं, हे ब्रिंगहर्स्ट यांनी हेरलं. 1950 च्या दशकात त्यांनी तिचा पराग लागवडीच्या वाणांवर वापरला. पहिल्या पिढीचं फळ लहान आणि बाजाराच्या कामाचं नाही. मग तिचा पुन्हा मोठ्या फळाच्या वाणाशी संकर, त्यातून निवड, पुन्हा संकर. असं करत 1979 च्या सुमारास ॲप्टॉस, ब्रायटन आणि हेकर हे दिवसाच्या लांबीवर न अडणारे वाण बाहेर आले. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं! सेल्वा त्याच वंशातली.

आता दुसरा माणूस. व्हिक्टर व्होथ दक्षिण कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर काम करायचे. नवीन वाण द्यायचा तर त्याची लागवडही शेतकऱ्याच्या हातात द्यायची, हा त्यांचा बाणा होता. गादीवाफ्यावर प्लास्टिकचं आच्छादन, ठिबक, वाफ्यावर रोपांची दाटी, लावणीची नेमकी तारीख, या सगळ्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले. ठिबकचं महत्त्व पाणी वाचवण्यापुरतं नव्हतं. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. सरीतून पाणी दिलं की क्षार वाफ्याच्या माथ्यावर, नेमके रोपाच्या मुळाशी जमतात. ठिबकने ते मुळांपासून दूर ढकलले जातात. नर्सरीत रोपाला किती थंडी मिळाली यावरही त्यांचं बारीक लक्ष असे. थंडी कमी पडली तर रोप लवकर फळतं पण अशक्त राहतं. जास्त झाली तर पानं आणि रनरच फोफावतात.

1983 साली आलेला चांडलर या दोघांचा. दहा वर्षांनी कामारोजा आला, तेव्हा त्याच विद्यापीठातले पैदासकार डग्लस शॉ हेही त्यांच्या जोडीला होते. मला या जोडीबद्दल विशेष आदर वाटतो तो यासाठी, की एकाने गुणसूत्रं मोजली, दुसऱ्याने वाफे मोजले आणि दोघांनी वाणावर नावं एकत्र लावली. आपल्याकडे शेतावर उभा राहणारा शास्त्रज्ञ संशोधकापेक्षा एक पायरी खालचा मानला जातो, याची मला मनापासून खंत आहे.

आता तुमच्यापैकी बरेच जण विंटर डॉनकडे वळलेत. तो आणि स्वीट चार्ली, दोन्ही फ्लोरिडा विद्यापीठातले. म्हणजे वाण बदलला तरी मातृरोपं समुद्रापलीकडूनच येतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण या पठाराच्या पावसात आणि तांबड्या मातीत निवडलेला आपला वाण आपल्याकडे अजून रुजायचाय. सेल्वाचं उदाहरण घ्या. तिच्यातला गुण मोठ्या उन्हाळ्यातही फळ देण्याचा, पण आपल्याकडे जूनमध्ये पाऊस कोसळला की हंगामच आटोपतो. तिथल्या गरजेतून घडलेला वाण इथे अर्धाच उपयोगी पडतो.

म्हणून एक विनंती. एप्रिल संपत आला, शेजारची रोपं थांबली, तरी एखादं रोप कळ्या धरत असेल, किंवा सगळ्या वाफ्यावर बुरशी आली आणि एखादं स्वच्छ राहिलं असेल, तर ते उपटू नका. त्याच्याजवळ काठी रोवा, वाण आणि तारीख लिहून ठेवा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात कळवा. वाई भागातल्या रोपवाटिकावाल्यांनी तर हे आवर्जून करावं, कारण एकाच वेळी इतकी रोपं दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जात नाहीत.

नमस्कार.