रेष उमटली, रक्त पोचलं का?

(दृश्य: कॅथलॅबचा, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासण्याच्या खोलीतला पडदा. काळी रेष मध्येच तुटलेली.)

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाच्या मनगटातून आत गेलेली बारीक नळी हृदयापाशी पोचली आहे. डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं द्रव, सोडला की धमनी काळ्या रेषेसारखी उमटते आणि मध्येच थांबते. तिथे गुठळी आहे. तार पलीकडे जाते, फुगा फुगतो, धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसतो, रेष पुढे धावते. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना निरोप जातो, "ब्लॉकेज निघालं."

काही रुग्णांची खरी काळजी मात्र इथून पुढे सुरू होते.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेत क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांची हृदयधमनी ९० मिनिटं बंद ठेवून सोडली होती. मोठी वाहिनी मोकळी झाली, तरी आतल्या स्नायूच्या काही भागात रक्त शिरलंच नाही. केसासारख्या वाहिन्या सुजून बुजल्या होत्या.

आणि जिथे रक्त पोचतं, तिथेही ते इजा करू शकतं. रक्ताविना राहिलेल्या पेशीत आम्ल साठतं, कॅल्शियम वाढतं. अशात प्राणवायू एकदम आला, तर पेशीतली ऊर्जाकेंद्रं फुटतात. त्यांची दारं तोवर त्या आम्लानेच मिटून ठेवलेली असतात. रक्त आल्यावर ते आम्ल झपाट्याने धुऊन गेलं की दारं उघडतात. काही मिनिटांचा हा खेळ.

लांबलेला उपास सोडताना आपण आधी घोटभर पाणी घेतो, ताटावर तुटून पडत नाही. रक्तही तसंच घोटाघोटाने द्यावं का? २००३ मध्ये अटलांटातल्या संशोधकांनी कुत्र्यांवर हे करून पाहिलं. धमनी तीस सेकंद उघडी, तीस सेकंद बंद, असं तीनदा. स्नायूचं नुकसान बरंच घटलं. २००५ मध्ये फ्रान्समध्ये तीस रुग्णांच्या चाचणीत काहींवर स्टेंटनंतर फुगा मिनिटभर फुगवून, मिनिटभर सोडून, चार वेळा हेच केलं, आणि इजा दाखवणारं रक्तातलं विकर ३६ टक्क्यांनी कमी आलं. किती आशा वाटली असेल!

पण २०१७ मध्ये डेन्मार्कमधल्या १,२३४ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू आणि हृदय निकामी होणं त्यामुळे घटलं नाही. दंडाला बीपीचा पट्टा आवळून-सोडून हृदय वाचवता येईल का, हे २०१९ मध्ये ५,४०० रुग्णांवर तपासलं. फरक नाही. गुठळी नळीने शोषून घेणं तर किती सरळ वाटतं. पण २०१५ मधल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत सरसकट शोषण्याने फायदा दिसला नाही, उलट पक्षाघात थोडे वाढले.

प्रयोगातलं कुत्रं धडधाकट असतं. टेबलावरच्या माणसाला वय असतं, मधुमेह असतो, आधीपासूनच्या गोळ्या असतात. मला वाटतं, अडचण इथेच आहे. या चाचण्या वाया गेल्या असं मात्र मी म्हणणार नाही. उपयोग नसलेले उपाय टेबलावरून हटले, हेही रुग्णाच्याच भल्याचं.

(दृश्य: पुन्हा पडदा. स्टेंट बसलेला.)

आज हातात काय आहे? पहिली गोष्ट, वेळ: धमनी जितकी लवकर उघडाल, तितका स्नायू वाचतो. आणि रेष उमटूनही डाय रेंगाळला, तर बारीक नळीने पार पुढे अ‍ॅडेनोसिन किंवा निकोरँडिलसारखं, वाहिन्या सैल करणारं औषध सोडतात.

डॉक्टरांची नजर आता रेषेवर नाही. रेषेच्या कडेने स्नायूत डायची धूसर छाया पसरते का, आणि पुढच्या काही ठोक्यांत ती पुसली जाते का, ते पाहत आहेत.