पाच म्हणजे कुठले पाच?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आणि अधिकार’, तो घेणारच आहे, पण आधी माझं एक जुनं खूळ सांगून टाकतो.

कोर्टाने काय निकाल दिला यावर आपण टपरीवर तासन्‌तास भांडतो, पण ती केस कुठल्या जजांपुढे गेली आणि त्यांना तिथे बसवलं कोणी, हे कोणी विचारत नाही. कलम १४५(३) म्हणतं, घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायमूर्ती हवेत. पाच म्हणतं, कुठले पाच ते म्हणत नाही. ते ठरवतात सरन्यायाधीश.

केशवानंद भारती खटला तुम्हाला माहीतच आहे, २४ एप्रिल १९७३, तेरा जज, ७ विरुद्ध ६, संसद घटना बदलू शकते पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. (आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड त्या सहांत होते हं, म्हणजे हरलेल्या बाजूला. कोणी पुणेकर आहे का इथे? बरं, राहू द्या.) गंमत म्हणजे मठाची जमीन वाचवायला कोर्टात गेलेल्या ज्या स्वामीजींच्या नावाने हा खटला अजरामर झाला त्यांच्या मठाला त्यातून जमीन काही मिळाली नाही! आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघा सीनियर जजांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनीही राजीनामे दिले.

आता खरी गोष्ट. नोव्हेंबर १९७५, आणीबाणी चालू, आणि रे साहेबांनी पुन्हा तेरा जणांचं बेंच बसवलं, केशवानंदचाच फेरविचार करायला! केशवानंदच्या बाजूने वकील पालखीवाला उभे राहिले, दोन दिवस बोलले, आणि मध्येच प्रश्न निघाला की अहो पण फेरविचाराचा अर्ज केलाय कोणी? शोधाशोध, तर अर्जच नाही. म्हणजे लग्नाचा मांडव घातलाय, आचारी आलाय, आणि नवरा-नवरी कोण ते ठरलेलंच नाही. १२ नोव्हेंबरला सरन्यायाधीश आले आणि बेंच विसर्जित म्हणाले. तेरा जण एका माणसाच्या शब्दावर बसले आणि त्याच्याच शब्दावर उठले. मी हे सांगितलं की घरचे म्हणतात, परत तेच? हो, परत तेच.

२०१८ च्या जानेवारीत चार सीनियर जजांनी पत्रकार परिषद घेतली ती याच दुखण्यावर, केसेस कोणाला आणि कशा वाटल्या जातात. पुढे त्याच वर्षी कोर्टाने सांगितलं, रोस्टरचे, म्हणजे कुठली केस कोणापुढे जाणार त्या यादीचे, मालक सरन्यायाधीशच. ठरवलं कोणी? अर्थात, ज्यांना बेंचवर बसवलं होतं त्यांनी!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर अधिकार, पटापट. कलम ३२, मूलभूत हक्कासाठी थेट दार ठोठावता येतं. १३६, अपिलाची खास परवानगी, द्यायची की नाही त्यांची मर्जी. १४१, त्यांनी सांगितलेला कायदा खालच्या सगळ्या कोर्टांना बंधनकारक. १४४, सरकारी यंत्रणेने त्यांना मदत केलीच पाहिजे, कारण कोर्टाकडे ना फौज ना तिजोरी.

आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या खुळाला एक भोक आहे. १९७६ ला जबलपूर केसमध्ये ज्येष्ठतेने पहिले पाचच बसले होते, कोणी निवडून घेतले नव्हते, आणि तरी ४-१ ने ठरलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध हायकोर्टात दाद मागता येणार नाही. पाचांतले एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. त्यांचं हाताशी आलेलं सरन्यायाधीशपद हुकलं, आणि तो निकाल कोर्टाने स्वतःच मोडीत काढला २०१७ मध्ये, लिहिणारे यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय. कलम १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा अधिकार, राहिलंच, त्यावर कोणाला विचारायचं असेल तर चहाला भेटा.