न दाबलेले बटण: ‘फायरफ्लाय’ मालिकेतील ‘आउट ऑफ गॅस’

नमस्कार. ‘फायरफ्लाय’ या अमेरिकी अंतराळ-वेस्टर्न (अवकाशात घडणाऱ्या, काउबॉयपटांच्या धाटणीच्या) मालिकेतील ‘आउट ऑफ गॅस’ हा भाग टिम मिनिअर यांनी लिहिला, डेव्हिड सॉलोमन यांनी दिग्दर्शित केला आणि फॉक्स वाहिनीने तो २५ ऑक्टोबर २००२ रोजी दाखवला. आज मी त्याचे कथानक शेवटपर्यंत सांगणार आहे, तेव्हा ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा, ही विनंती.

डॉक्टर सायमनच्या वाढदिवसाचा केक समोर असतानाच ‘सेरेनिटी’ या मालवाहू यानाच्या इंजिनात स्फोट होतो. यानाची मेकॅनिक केयली हिला वाचवताना कप्तानाचा उजवा हात असलेली झोई गंभीर जखमी होते. दारे उघडून आग अवकाशात लोटली जाते. पण इंजिन बंद पडलेले असते, त्याबरोबर प्राणवायूची व्यवस्थाही गेलेली असते, आणि हे सारे एका लहानशा सुट्या भागामुळे घडलेले असते. सायमनची बहीण रिव्हर अत्यंत शांतपणे सांगते, की आपण गुदमरून मरणार नाही, त्याआधी गोठून मरू. कप्तान मॅल रेनॉल्ड्स सर्वांना दोन शटलांत, म्हणजे यानाला जोडलेल्या छोट्या यानांत, बसवून विरुद्ध दिशांना पाठवतो आणि स्वतः यानावर थांबतो. निघण्यापूर्वी वैमानिक वॉश एक बटण जोडून देतो: यान दुरुस्त झाले, तर ते दाबून शटलांना परत बोलवायचे.

ही गोष्ट तीन काळांत विणलेली आहे. पोटात गोळी लागलेला मॅल निर्जन यानात फरफटत चाललेला दिसतो. त्याआधीच्या काही तासांतील अपघात दिसतो. आणि अधूनमधून बऱ्याच वर्षांपूर्वीचे प्रसंग येतात, ज्यांत एकेक सहकारी या यानावर कसा आला हे कळते. जुन्या प्रसंगांना ऊबदार, सोनेरी रंग दिला आहे, तर एकट्या मॅलच्या दृश्यांवर थंड निळसर छटा आहे, त्यामुळे काळाची पाटी न दाखवताही आपण कोठे आहोत हे प्रेक्षकाला समजते.

या जुन्या प्रसंगांकडे मात्र जरा बारकाईने पाहायला हवे, कारण त्यांपैकी एकातही जिव्हाळा नाही. यान पाहताच झोईला ते मृत्यूचा सापळा वाटते. पुढे जो तिचा पती होणार आहे, तो मिशाळ वॉश पहिल्या भेटीत तिला मुळीच पटत नाही. केयली इंजिनघरात सापडते ती आधीच्या मेकॅनिकच्या मिठीत, आणि तिथल्या तिथे बिघाड ओळखून त्याचीच जागा घेते. जेन तर मॅलवर बंदूक रोखून उभा असतो. स्वतंत्र खोली आणि मोठा वाटा मिळेल हे ऐकताच तो तीच बंदूक आपल्या साथीदारांकडे वळवतो. इनारा शटल भाड्याने घेते, तेही स्वतःच्या अटींवर. पगार, खोली, भाडे, वाटा: प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या व्यवहाराने तेथे आलेला आहे.

आता मॅलकडे वळू. मदतीला आलेल्या दुसऱ्या यानाचा कप्तान त्यालाच गोळी घालून सेरेनिटी बळकावू पाहतो. मॅल बंदुकीच्या धाकाने त्या टोळीला हाकलतो, हवा असलेला सुटा भाग मिळवतो, रक्तबंबाळ अवस्थेत तो बसवतो, इंजिन सुरू करतो, आणि बटणापाशी पोहोचूनही ते दाबण्याआधीच कोसळतो. शुद्धीवर येतो तेव्हा सारे त्याच्याभोवती असतात. झोईने शुद्धीवर येताच शटल मागे वळवण्याचा हुकूम दिलेला असतो, आणि दुसरे शटलही परतलेले असते. माझ्या मते संपूर्ण भागाची रचना या एका न दाबलेल्या बटणासाठी आहे. व्यवहाराने जमलेली माणसे बोलावणे नसताना, कप्तानाचा स्पष्ट हुकूम मोडून परत येतात, आणि ते प्रेक्षकाला मनापासून पटावे म्हणून त्यांच्या कोरड्या, स्वार्थी पहिल्या भेटी आधी दाखवणे आवश्यक होते.

एक गोष्ट मात्र वाहिनीने प्रेक्षकांकडून हिरावून घेतली. ‘सेरेनिटी’ या मूळ पहिल्या भागात केयली इशारा देते, की इंजिनातील काँप्रेशन कॉइल (जिच्यावरच्या सुट्या भागामुळे पुढे हा अपघात होतो) निकामी झाली तर आपण अधांतरी तरंगत राहू, आणि मॅल तो उडवून लावतो. फॉक्सने तो भाग सर्वांत शेवटी, २० डिसेंबर २००२ रोजी दाखवला. म्हणजे अपघात आधी आणि इशारा दोन महिन्यांनी. चित्रित झालेल्या चौदा भागांपैकी अकराच प्रसारित करून मालिका बंद करण्यात आली, हे तर सर्वज्ञात आहे. परंतु क्रमाच्या या उलथापालथीने या भागाचे जे नुकसान केले, त्याची चर्चा मला अधिक व्हायला हवी होती असे वाटते. म्हणून मालिका नव्याने पाहणार असाल, तर प्रसारणाचा क्रम बाजूला ठेवून ‘सेरेनिटी’पासूनच सुरुवात करा.