कोर्टातली शपथ, देवळातली आण

मंडळी, आजचा शब्द ‘ओथ’. इंग्रजी डिक्शनरीत पहिला अर्थ मिळतो देवाला साक्षी ठेवून केलेली प्रतिज्ञा, आणि जरा खाली उतरलात की चक्क शिवी! इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपली शपथ आणि आपला शाप एकाच ‘शप्’ धातूची लेकरं. खोटं बोललो तर माझं वाटोळं होवो, असा स्वतःवरच अटीनं ओढवून घेतलेला शाप म्हणजे शपथ. सौंदत्तीच्या यल्लम्माचं नाव घेऊन ‘उचल भंडारा’ म्हटलं की आपल्याकडे भल्याभल्यांचा हात आखडतो, तो त्यामुळेच.

आता कर्नाटकातल्या खानापूर नाहीतर निपाणीच्या कोर्टात चला. पुकारा होतो, खेड्यातली आजी पिंजऱ्यात उभी राहते. कोर्टाचा माणूस कन्नडमधून सांगतो, ‘देवर मेले प्रमाण माडी सत्यवन्ने हेळुत्तेने,’ म्हणजे देवाची शपथ घेऊन खरंच सांगेन. आजी पदर सावरून म्हणते, ‘देवाशप्पत, खरंच सांगतो बघ.’ झाली शपथ. गीता नाही, लाल कापड नाही. ते सगळं सिनेमात. 1969च्या ओथ्स ॲक्टमध्ये ग्रंथाचा उल्लेखच नाही. ईश्वराच्या नावानं शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, निवड साक्षीदाराची. देव न मानणाऱ्याच्या साक्षीचं वजन गुंजभरही कमी होत नाही. आणखी गंमत म्हणजे शपथ द्यायची राहून गेली म्हणून साक्ष बाद होत नाही. खरं बोलायचं बंधन असतंच, आणि कोर्टात जाणूनबुजून खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद. थोडक्यात, देवाचं काम कायद्यानं तुरुंगाकडे सोपवलंय.

हे एका दिवसात झालं नाही. ख्रिस्ती नसलेल्या माणसाची शपथ खरी धरायची का, हा प्रश्न 1744 साली ‘ओमीचंद विरुद्ध बार्कर’ खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांपुढे आला. कलकत्त्याच्या हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. ती ग्राह्य धरली गेली. खोट्याला शिक्षा करणारा देव साक्षीदार मानतो ना, मग पुरे, असा तो विचार. तिकडे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक बायबल वाचूनच शपथ नाकारत होते, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं ‘शपथ वाहूच नका’ असं बजावलंय. त्यांच्यासाठी नुसत्या प्रतिज्ञेची वाट आधीच काढावी लागली होती.

इथे कंपनी सरकारनं 1840च्या कायद्यानं गंगाजलाची आणि कुराणाची सक्ती उठवली. मला मात्र खरा रस आहे तो 1873च्या कायद्यात. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. त्या कायद्यात अशी सोय होती की वादी म्हणू शकायचा, ‘प्रतिवादीनं अमुक देवळात शपथ घेऊन सांगावं, मला ते मान्य.’ कोर्ट प्रतिवादीला विचारायचं. त्यानं तशी शपथ घेऊन सांगितलं की ते म्हणणं वादीवर बंधनकारक, निर्णायक पुरावा! पुढे उलटतपासणी नाही, काही नाही. नकार दिला तर जबरदस्ती नव्हती. पण कोणती शपथ सुचवली, यानं नाकारली आणि कारण काय दिलं, हे कोर्ट लिहून ठेवायचं. आता हा कागद पुढे न्यायाधीशाच्या नजरेखालून जाणार, मग त्या नकाराचं ओझं काय असेल, विचार करा. आणखी एक अट होती: तिसऱ्या माणसावर परिणाम ओढवणारी शपथ चालायची नाही. ‘पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांग’ हा आपला लाडका प्रकार त्यातच मोडायला हवा, असं मला वाटतं. पोरानं काय घोडं मारलंय?

1969च्या कायद्यात ही सोय उरली नाही. लोकांच्या मनातून ती गेली असं कुणी म्हणू नये. जून 2011 मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा आणि माजी मुख्यमंत्री कुमारस्वामी यांच्यात ‘आणे-प्रमाणा’चं आव्हान झालं; धर्मस्थळाच्या मंजुनाथापुढे शपथ घ्यायची. दोघेही गेले. दर्शन घेतलं, शपथ काही घेतली नाही. सगळ्या राज्यानं श्वास रोखला होता तो मंजुनाथापायी, कोर्टाच्या कुठल्या कलमापायी नव्हे. कन्नडची ‘आणे’ म्हणजे आपली ‘आण’च. भाषेवरून कितीही वाद होवोत, या बाबतीत दोन्हीकडची भीती एकच.

घोटाळा होतो तो ‘प्रमाणपत्रा’त. मराठी माणसाला प्रमाणपत्र म्हणजे शाळेचा नाहीतर जातीचा दाखला. कन्नडमध्ये हाच शब्द ॲफिडेव्हिटलाही वापरतात, ज्याला आपण प्रतिज्ञापत्र म्हणतो. म्हणजे वकिलानं ‘प्रमाणपत्र’ म्हणून कागद पुढे केला, तर तो तुमचा शपथेवरचा जबाब असू शकतो. त्यातली ओळ खोटी निघाली की टायपिस्टाला कुणी पकडत नाही, सही करणाऱ्याला पकडतात. तेव्हा बाँडवर अंगठा उठवण्याआधी ‘जरा मराठीत वाचून दाखवा’ म्हणा. नोटरी वैतागेल, वैतागू द्या.